सोबतीची पारख

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव तेथील सरोवरामुळे जगाला ठाऊक झाले आहे. फार प्राचीन काळी आकाशातून एक प्रचंड अशनी येथे येऊन आदळला आणि काळ्या कातळात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे वाटोळे विवर तयार झाले. त्या विवराच्या तळाशी जे पाणी साठलेले आहे ते खारे आहे, आणि नुसते खारेही नव्हे, तर धुण्याच्या सोड्यासारखे क्षारयुक्त आहे.

विवराच्या काठावर मात्र गोड्या पाण्याचा एक झरा बारमाही वाहतो. लोक त्याला 'धार' म्हणतात. यात्रेकरू त्या धारेखाली स्नान करतात. तेच पाणी पुढे उतारावरून खाली जाते आणि सरोवरास मिळते. मिळाल्यावर ते खारे होते. सरोवरातून पाण्याला बाहेर जाण्यास वाट नाही. आलेले पाणी उन्हाने आटून जाते आणि त्यातील क्षार तेवढे मागे उरतात. वर्षामागून वर्षे ते साठत राहतात. धारेच्या पाण्यात कोणी मीठ आणून टाकीत नाही. ज्या पाण्यात ते जाऊन राहते, त्या पाण्याचा गुण त्याला लागतो, इतकेच.

माणसांच्या बाबतीतही असेच घडते, हे आपल्याकडील शेतकऱ्याने फार पूर्वीच ओळखले होते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे तो गोठ्यातील बैलांकडे बोट दाखवून म्हणतो. अठराव्या शतकातील पंडित कवी मोरोपंत यांनी 'केकावली'त देवाची करुणा भाकताना चांगल्या संगतीचे मागणे मागितले आहे. परंतु या एका विषयावर, तेही विशेषतः तरुण मुलांसाठी, अत्यंत बारकाईने विचार करणारे एक पुस्तक पाहावयाचे असेल, तर बायबलाकडे वळावे लागते.

बायबल हा वस्तुतः एक ग्रंथ नव्हे; तो अनेक लहानमोठ्या ग्रंथांचा संग्रह आहे. त्यातील एका ग्रंथाला मराठीत 'नीतिसूत्रे' असे नाव आहे. त्याचे एकतीस अध्याय असून त्यातील बहुतेक वचने यहुद्यांचा ज्ञानी राजा शलमोन याच्या नावावर सांगितली जातात. सगळीच त्याची नाहीत. काही अन्य ज्ञानी पुरुषांची आहेत, आणि काही वचने हिज्कीया नावाच्या पुढील राजाच्या लेखकांनी उतरवून घेतली, असे त्या ग्रंथातच नमूद केले आहे. पिढ्यान्‌पिढ्या बापाने मुलाला, गुरूने शिष्याला सांगितलेले शहाणपण असे एकत्र झाले.

हा ग्रंथ मूळ हिब्रू भाषेतला. तो मराठीत आणण्यासाठी अनेकांनी श्रम केले. विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून 1811 मध्ये बायबलाच्या 'नव्या करारा'चे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. 'जुन्या करारा'ची भाषांतरे त्यानंतर झाली आणि नीतिसूत्रे त्यातच मोडतात. पुढे पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे राहून, हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून, साऱ्या बायबलाचे मराठी भाषांतर एकटीच्या बळावर केले. 1922 च्या एप्रिल महिन्यात त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी काम हातावेगळे झाले होते. 1924 मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम आश्रमातील स्त्रियांनीच केले होते. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अलायन्स मिशन या ख्रिस्ती संस्थेचे काम सुरू झाले, आणि खामगाव, बुलढाणा यांसारख्या गावांतील ख्रिस्ती कुटुंबांत ही वचने मराठीतून मुलांच्या कानांवर पडू लागली. ज्या धारेविषयी वर सांगितले, तिच्या मुलखातल्या मुलांना त्यातील एक दृष्टांत समजावून देण्याची गरजच पडली नसेल.

तो दृष्टांत झऱ्याचाच आहे. भला माणूस दुष्टापुढे मान तुकवू लागला म्हणजे तो पायांनी तुडवून गढूळ केलेल्या झऱ्यासारखा होतो, अशा आशयाचे एक वचन नीतिसूत्रांत आहे. पॅलेस्टाईनचा मुलूख कोरडा. तेथे एका झऱ्यावर सारे गाव, गावची मेंढरे आणि वाटसरू अवलंबून असत. झरा गढूळ झाला तर नुकसान झऱ्याचे एकट्याचे होत नाही; त्याच्यावर विसंबून असलेली सर्व माणसे तहानलेली राहतात. वाईट संगतीविषयी बोलताना बहुतेक लोक बिघडणाऱ्या मुलाचे काय होईल एवढेच सांगतात. या ग्रंथकाराच्या डोळ्यांपुढे मात्र त्या मुलावर विसंबलेली माणसेही आहेत: घरी वाट पाहणारी आई, त्याचे पाहून चालणारा धाकटा भाऊ.

वाईट संगत सुरू कशी होते? नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात याचे उत्तर आहे. तेथे एक बाप आपल्या मुलाला सांगतो की, काही लोक तुला बोलावतील. ते काय म्हणतील, हेही तो ऐकवितो. आमच्याबरोबर चल, आडवाटेवर दबा धरून बसू, येणाऱ्या-जाणाऱ्याला लुटू, पुष्कळ माल हाती लागेल, आणि आपल्या सर्वांची थैली एकच राहील. अशा अर्थाचे त्यांचे बोलणे तो जसेच्या तसे मुलापुढे मांडतो. बापाची ही युक्ती फार सूक्ष्म आहे. 'वाईट मुलांत जाऊ नकोस' एवढेच सांगितले असते, तर मुलाला वाईट मुले ओळखू आली नसती. कारण वाईट सोबती येतो तो कपाळावर नाव लिहून येत नाही. तो हसतमुखाने येतो आणि 'चल' म्हणतो.

त्या बोलण्यातील एका थैलीची गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. लुटीच्या पैशाचा मोह सर्वांनाच पडतो असे नाही. परंतु दहा जणांच्या घोळक्यात आपल्यालाही जागा असावी, 'हा आपला' असे कोणीतरी म्हणावे, ही भूक बारातेरा वर्षांच्या मुलाला फार असते. बोलावणारे तीच ओळखतात. पैशाचे आमिष दुसरे. पहिले आमिष आपलेपणाचे.

याच अध्यायात पाखराचा दाखला आहे. पाखराच्या देखत जाळे पसरणे व्यर्थ. कारण ते दिसताच पाखरू तिकडे फिरकत नाही. तितरांसाठी फासे लावणाराही ते तितरांच्या समोर लावीत नाही. पण दुसऱ्यासाठी दबा धरून बसलेली ही माणसे मात्र पाखराहूनही भोळी ठरतात. आपण अंथरलेल्या जाळ्यात आपलाच पाय आहे, हे त्यांना दिसत नाही. बाप मुलाला जाळे आधीच दाखवून ठेवतो, तो यासाठी.

बायबलातच 'स्तोत्रे' नावाचा दुसरा ग्रंथ आहे. त्याच्या अगदी आरंभी धन्य माणसाचे वर्णन करताना तीन क्रियापदे एकापुढे एक येतात: चालणे, उभे राहणे आणि बसणे. तो माणूस दुर्जनांच्या मसलतीने चालत नाही, त्यांच्या वाटेवर उभा राहत नाही, आणि टवाळखोरांच्या बैठकीत बसत नाही. या तीन शब्दांत वाईट संगतीचा सारा प्रवास आला आहे. समजा, आठवडी बाजाराच्या दिवशी आईने एका मुलाला गोडेतेल आणावयास पाठविले आहे. वाटेत चारपाच मोठी मुले पत्ते खेळत आहेत. तो त्यांच्या बाजूने जातो, एवढेच. त्यांतील एक जण त्याला नावाने हाक मारतो. तेव्हा तो थांबून उभा राहतो. नुसते पाहण्यात काय आहे, असे त्याला वाटते. थोड्या वेळाने कोणी सरकून जागा करून देतो आणि हा बसतो. तेलाचे पैसे डावावर लागतात ते त्यानंतर. पैसे गेल्यावर घरी सांगावयाला एक खोटी गोष्ट लागते, आणि ती गोष्ट जुळवून देण्यास तेच सोबती पुढे होतात. आता तो त्यांचा बांधलेला झाला! तेलाची बाटली रिकामी राहिली याहून ही गोष्ट अधिक वाईट आहे. चालत असताना नुसती मान हलवून 'नाही' म्हणणे सोपे होते. बसल्यावर उठून जाणे कठीण झाले, आणि खोटे बोलल्यानंतर तर ते पर्वतासारखे झाले. म्हणूनच नीतिसूत्रांतील बाप पहिल्या हाकेच्या वेळीच रुकार देऊ नकोस, असे मुलाला विनवितो.

वाईट सोबतींचे सर्व प्रकार ग्रंथात सारख्या विस्ताराने आलेले नाहीत. मद्यपी आणि खादाड यांच्या पंगतीला बसू नये, शेवटी अंगावर चिंध्या येतात, हे थोडक्यात सांगून होते. तापट माणसाविषयीचे वचन अधिक विचार करावयास लावणारे आहे. क्षणोक्षणी भडकणाऱ्याशी मैत्री करू नये, कारण त्याच्या रीती आपणही शिकतो. येथे चोरी नाही, व्यसन नाही. वरवर पाहता असा मित्र शूरही वाटतो. पण रोज त्याच्याबरोबर राहणारा मुलगा काही महिन्यांनी आपल्या लहान बहिणीवर तसाच ओरडू लागतो, आणि हे आपण कोठे शिकलो याचा त्याला पत्ताही नसतो.

आता एक विलक्षण गोष्ट सांगावयाची आहे. ज्या शलमोनाच्या नावावर ही वचने आहेत, त्याचा स्वतःचा मुलगाच संगतीने बुडाला. त्याचे नाव रहबाम. शलमोन मरण पावला तेव्हा, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे 930 च्या सुमारास, रहबामाला राज्याभिषेक करण्यासाठी बारा वंशांचे लोक शखेम या गावी जमले. शलमोनाने मोठमोठ्या इमारती उभारल्या होत्या, आणि त्यासाठी प्रजेवर वेठबिगारीचा व करांचा भार पडला होता. लोक नव्या राजाला म्हणाले, 'आपल्या वडिलांनी आमच्यावर जड जू ठेवले. ते हलके करा, म्हणजे आम्ही आपली सेवा करू.' मागणे वाजवी होते. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. हेही योग्यच केले.

त्या तीन दिवसांत त्याने दोन ठिकाणी सल्ला विचारला. प्रथम त्याने बापाच्या पदरी असलेल्या वृद्धांना विचारले. ते म्हणाले की, आज लोकांशी गोडीने बोल, त्यांचा सेवक हो, म्हणजे ते जन्मभर तुझे सेवक होतील. रहबामाला हा सल्ला रुचला नाही. मग त्याने आपल्याबरोबर लहानाचे मोठे झालेल्या सोबत्यांना विचारले. हे सोबती वाटमारे नव्हते, मद्यपी होते असेही कोठे लिहिलेले नाही. राजवाड्यात वाढलेली, राजपुत्राच्या खेळांत रमलेली ती मुले. वेठबिगारीचा दगड त्यांनी कधी उचलला नव्हता. राजपुत्राला काय ऐकावयास आवडते, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी त्याला पढविले: माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेहून जाड आहे, असे लोकांना सांग, बापाने चाबकांनी मारले, मी विंचवांनी मारीन, असे सांग.

तिसऱ्या दिवशी रहबाम तसेच बोलला.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतले असेल असे कोणालाही वाटणार नाही. बारांपैकी दहा वंश त्या दिवशी राज्य सोडून गेले. वेठबिगारीवर देखरेख करणाऱ्या अदोराम नावाच्या अधिकाऱ्याला राजाने त्यांच्याकडे पाठविले. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. राजा घाईघाईने रथात चढून यरुशलेमला पळाला. एका बोलण्याने एका राज्याची दोन राज्ये झाली, आणि ती पुन्हा कधीच एक झाली नाहीत. ज्यांनी हा सल्ला दिला, त्यांची नावेसुद्धा ग्रंथात राहिलेली नाहीत.

म्हणून वाईट सोबती म्हणजे केवळ चोर किंवा व्यसनी, अशी समजूत अपुरी ठरते. आपल्या मनातले वेडेवाकडे बोलणे जो आपल्यालाच पुन्हा गोड करून ऐकवितो, तो हसऱ्या तोंडाचा सोबती कदाचित अधिक घातक असतो. नीतिसूत्रांत याची उलट बाजू आली आहे. मित्राने केलेली जखम विश्वासाची असते, आणि वैऱ्याची चुंबने पुष्कळ असतात. लोखंड लोखंडाला धार लावते, तसा माणूस माणसाला. विळ्याला पाजळताना ठिणग्या उडतात आणि कर्णकटू आवाजही होतो. खऱ्या मैत्रीत असे प्रसंग यावयाचेच.

मग मुलांनी चुकलेल्या सोबत्याची सावलीही टाळावी की काय? बायबल असे म्हणत नाही. येशू ख्रिस्त स्वतः जकातदारांच्या पंगतीला बसून जेवत असे. रोमी सत्तेसाठी कर गोळा करणाऱ्या या लोकांना समाज पापी समजे, आणि त्यांच्याबरोबर जेवणाऱ्या येशूला नावे ठेवी. आजारी माणसालाच वैद्य लागतो, असे त्याचे त्यावर उत्तर होते. परंतु वैद्य रोग्याजवळ बसतो तो रोग घेण्यासाठी नव्हे. लोणारच्या सरोवरात धार जेथे पडते तेथील पाणी मधल्या पाण्यापेक्षा कमी खारे असते. जेथवर धारेचा जोर आहे तेथवर ती आपला गुण राखते, पुढे सरोवराचा जोर होतो. बिघडलेल्या मित्राबरोबर असताना आपण त्याला घराकडे ओढतो आहोत, की तो आपल्याला अड्ड्याकडे ओढतो आहे, हे प्रत्येक मुलाला मनातून कळत असते. एकट्याचा जोर पुरत नसेल, तर वडीलधाऱ्यांना किंवा गुरुजींना सांगणे ही चहाडी नव्हे. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावीच लागते.

वडीलधाऱ्यांनाही हा ग्रंथ काही शिकवितो. त्यातील बाप 'माझ्या मुला' अशी हाक पुनःपुन्हा मारतो. तो धाक घालण्यापेक्षा समजावून सांगतो. बापाबरोबर आईच्या शिकवणीचाही उल्लेख पहिल्या अध्यायातच आहे, आणि शेवटचा अध्याय तर लमुएल नावाच्या राजाला त्याच्या आईने दिलेल्या उपदेशाने सुरू होतो. राजाने मद्याच्या नादी लागू नये, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी बोलावे आणि गरिबाचा न्याय करावा, असे ती त्याला सांगते. आई मुलाला वाईट सोबतीपासून ओढून काढते, तेव्हा त्याचे हात रिकामे ठेवीत नाही. त्या हातांना काम देते.

राजाला घडविणारी आई म्हटली की बुलढाणा जिल्ह्यातील मुलांना दूर जावे लागत नाही. सिंदखेड राजा येथे 1598 मध्ये लखुजी जाधवरावांच्या घरी जिजाबाईंचा जन्म झाला. 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही दरबारात लखुजी आणि त्यांचे पुत्र दग्याने मारले गेले. दरबारी मानपानात आणि भाऊबंदकीत वाढलेल्या संगतीचा शेवट कसा होतो, हे जिजाबाईंनी माहेरच्या रक्ताने पाहिले होते. पुढील वर्षी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. शहाजीराजे कामगिरीवर दूर दक्षिणेत असत, आणि मुलाला वाढविण्याचा मोठा भार आईवर होता. तिने त्याला मावळच्या खोऱ्यांतील कष्टाळू घरांच्या मुलांत मिसळू दिले. खुशामत करण्याचे शिक्षण त्या मुलांना मिळालेले नव्हते. डोंगर चढणे, उपाशी चालणे आणि दिलेला शब्द पाळणे त्यांना येत होते. रहबामाचे सोबती आणि हे सोबती यांत केवढे अंतर आहे!

तानाजी मालुसरे आणि येसाजी कंक हे त्याच बालमित्रांपैकी म्हणून सांगितले जातात. मित्र सर्व काळी प्रेम करतो आणि संकटात भावासारखा उभा राहतो, असा एक विचार नीतिसूत्रांत आहे. मावळातल्या त्या मुलांनी तो ग्रंथ पाहिलेला असण्याचे कारण नाही. 1670 च्या फेब्रुवारीत, काळोख्या रात्री, मूठभर मावळे घेऊन कोंढाण्याचा कडा चढून जावयाची वेळ आली तेव्हा त्या कामावर तानाजी गेले, आणि गड हाती आला तेव्हा ते जिवंत नव्हते.